इंदूताईंचा सोमवार

सकाळी साडेसहाला फोन वाजला आणि पडद्यावर इंदूताईंचं नाव दिसलं, की समजायचं, सरकारने काहीतरी केलंय.

मी कामगार कायद्यांचा सल्लागार. दुकानदार, क्लासवाले, दवाखानेवाले यांना कुठली नोंदणी करायची, भिंतीवर कुठला फलक लावायचा, कुणाला किती रजा द्यायची, हे सांगून माझं घर चालतं. नवा नियम आला की माझी गिऱ्हाइकं माझे फोन घ्यायचीच बंद होतात. घेतलाच तर प्रश्न ठरलेला असतो, कमीत कमी काय केलं म्हणजे भागेल? इंदूताईंचं सगळंच उलटं. पेपराच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली तरी त्या गॅसवर चहाचं आधण ठेवून मला फोन करत. "अहो देवधर, वाचलंत का? नाही ना? मग वाचा, आणि दहाला दुकानात या. मला सविस्तर ऐकायचंय." आवाजात असा आनंद, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात लग्न ठरलंय. मराठी पाट्यांचा नियम आला तेव्हा मात्र त्या दोन दिवस खट्टू होत्या. त्यांच्या दुकानाची पाटी सासऱ्यांच्या काळापासून मराठीतच होती, त्यामुळे त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दुकान सदाशिव पेठेत, शाळेच्या गणवेशांचं. पुढे विक्री, मागे शिवणयंत्रं. नवरा अकाली गेल्यावर इंदूताईंनी ते हातात घेतलं आणि मुलाला, शेखरला, त्याच दुकानावर इंजिनियर केलं. त्याने काही वर्षं नोकरी केली आणि मग तोही दुकानातच आला. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, गळ्यात सदैव मापाची टेप. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी नाव सांगायच्या आत त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "छाती अडतीस. पोटाचं आपण बोलायला नको." त्यानंतर बसायला खुर्ची दिली. एखादी आई भावावरून घासाघीस करू लागली, की शांतपणे सांगत, पलीकडे स्वस्त मिळतं, तिकडे घ्या, आणि दिवाळीत उसवलं की इकडे या. मुलं मात्र त्यांना घाबरत नसत. त्या पोरांच्या पाठीवर टेप ठेवता ठेवता वर्गातल्या भानगडी काढून घेत.

कायद्याचं वेड त्यांना कुठून लागलं हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हा जो उठला तो मला सांगत होता की बाईला हे करता येत नाही, ते करता येत नाही. मी प्रत्येकाला म्हटलं, कुठे लिहिलंय ते दाखवा. एकालाही दाखवता आलं नाही. तेव्हापासून मी स्वतःच वाचते." हे वाक्य त्यांचं हत्यारच होतं. कुठे लिहिलंय ते दाखवा. एवढं म्हटलं की समोरचा गप्प बसे, आणि बऱ्याचदा तो समोरचा मीच असे.

मग राज्याचा दुकानांचा नवा कायदा आला. जुन्या कायद्यात आठवड्यातून एक वार दुकानाचं शटर खाली असलंच पाहिजे, असा दंडक होता. आमच्या भागात तो सोमवार. नव्या कायद्याने सांगितलं, दुकान वर्षभर रोज उघडं ठेवा, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी मिळाली पाहिजे. ती कुठल्याही वारी चालेल. रस्त्यावरच्या दुकानदारांनी पेढे वाटले. उपनगरांतल्या मोठ्या चकचकीत दुकानांनी सगळ्यांचं गिऱ्हाईक पळवलं होतं, त्यामुळे सातही दिवस धंदा करायला मिळणार या कल्पनेनेच लोक हरखले होते. व्यापाऱ्यांच्या सभेत मी कायदा समजावून सांगितला. शेवटी इंदूताई उठल्या. सुट्टीचा वार ज्याचा त्याने निवडायचा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसं कायद्यात नाही, वार मालकाने ठरवायचा. त्यावर म्हणाल्या, "मालकाने कामगाराला विचारू नये, असं कुठे लिहिलंय?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणून त्या खाली बसल्या. सभेत हशा पिकला. मला मात्र तेव्हाच दिसलं की बाईंच्या डोक्यात काहीतरी शिजू लागलंय.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो आणि त्यांच्या उत्साहावर पाणी ओतलं. त्यांच्याकडे तेव्हा आठ माणसं कामाला होती. हा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांना. दहाच्या आतल्यांनी सरकारला नुसतं कळवायचं, बाकीच्या कलमांचा त्यांना त्रास नाही. दुसऱ्या कुठल्याही मालकाने हे ऐकून मला चहा पाजला असता. इंदूताईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी हिशेबातच नाही?"

"ताई, सुटका आहे ही तुमची."

"माझी सुटका करा म्हणून मी अर्ज केला होता का?" त्या म्हणाल्या. थोडा वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग एकदम उठल्या. "काज-बटणाला एक बाई हवीच आहे. इस्त्रीलाही माणूस लागतो. दोन घेते. पण मला कायद्यात बसवा."

कायद्यातून निसटण्यासाठी दहाचे नऊ करणारे मालक मी रग्गड पाहिलेत. आठाचे दहा करणारी ही एकच. शेखर कपाळाला हात लावून बसला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, आणि हसता हसता त्या बाईचा अभिमानही वाटला, तो का ते मला सांगता आलं नसतं.

माणसं दहा झाली आणि इंदूताईंनी बैठक बोलावली. मलाही बोलावणं होतं. त्यांची खात्री होती की रविवारावरून मारामारी होणार. सगळ्यांची पोरं शाळेत जाणारी, रविवार कुणाला नको असेल? म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकायला चिनीमातीची बरणीसुद्धा धुऊन ठेवली होती. त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की सात वार आहेत, ज्याला जो हवा तो मागा, अडचण आली तर चिठ्ठ्या टाकू. मग मोठ्या अपेक्षेने शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाई तिथल्या सगळ्यांत जुन्या, कसबा पेठेतल्या. त्या म्हणाल्या, सोमवार. पुढची म्हणाली, सोमवार. तिसरीही सोमवार. कटिंग मास्तर रमजानभाईंना ताईंनी स्वतःहून शुक्रवार सुचवला, तर ते म्हणाले, नमाजापुरता वेळ तुम्ही आधीपासूनच देता, सोमवारी मी मुलीकडे जातो. नुकतीच आलेली काज-बटणवालीसुद्धा, सगळ्यांचा जो तोच माझा, म्हणाली.

इंदूताई खवळल्या. "सात वार पुढे ठेवले, आणि तुम्ही जेलरने दिलेलाच परत मागताय?"

पण त्या बायकांचंही खरं होतं. इतकी वर्षं त्यांचं सगळं आयुष्य सोमवारावर बेतलेलं. सोमवारी त्या सगळ्या एकीच्या घरी जमत. उन्हाळ्यात कुरडया घालत, श्रावणात ओंकारेश्वराला जात, नाहीतर नुसत्या पाय पसरून गप्पा मारत. शालनबाईंनी तर स्पष्ट सांगितलं की सुट्टी वेगवेगळी झाली तर ती सुट्टी नव्हे, ते घरी बसणं. मला ते पटलं. कायद्याने प्रत्येकाला एकेक दिवस दिला होता, पण तो कुणाबरोबर घालवायचा याचा विचार केला नव्हता.

एकटी सुनंदा बोलली नव्हती. ती वारज्याची, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. जमिनीचे तुकडे पडत पडत गेले आणि ती शिवणावर आली. दुकानातले सगळ्यांत सफाईदार हात तिचे. तिला विचारल्यावर ती आधी शालनबाईंकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला गुरुवार मिळंल का, ताई?"

गुरुवार कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं. "आमच्या मालकांची सुट्टी गुरुवारची हाय," ती म्हणाली. तिचा नवरा भोसरीच्या कारखान्यात. तिकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. तो कंपनीच्या बसने सकाळी जायचा, रात्री यायचा. लग्न झाल्यापासून त्याचा गुरुवार आणि हिचा सोमवार. सणावाराला सुट्टी एकत्र आली, तर घर पाहुण्यांनी भरलेलं. "आम्ही दोघं असं घरात बसलोयच न्हाई कधी. आता पोरगी लग्नाला आली."

अडचण सगळ्यांच्या ध्यानात आली होती. सुनंदाला गुरुवारी सुट्टी द्यायची, तर तिने सोमवारी काम केलं पाहिजे. आणि सोमवारी बाकीचे सगळे सुट्टीवर, म्हणजे दुकान बंद. शेखर म्हणाला, सोमवारी त्याला कापडाच्या खरेदीला इचलकरंजीला जावं लागतं. एका बाईसाठी दुकान उघडून बसणार कोण? त्याचं काही चूक नव्हतं. सुनंदाने लगेच माघार घेतली, राहू द्या म्हणाली, आणि सुईत दोरा ओवू लागली. तो काही केल्या जाईना.

"मी बसते," इंदूताई म्हणाल्या.

मी सल्लागार म्हणून माझं कर्तव्य केलं. म्हटलं, ताई, मग तुम्हाला सुट्टी कधी? त्या म्हणाल्या, "मालकाला सुट्टी दिलीच पाहिजे, असं कुठे लिहिलंय?" लिहिलेलं नव्हतंच. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला होता, की मी तो विषय सोडून दिला. चिठ्ठ्यांची बरणी त्यांनी आत नेऊन ठेवली.

तेव्हापासून सोमवारी त्या दुकानात दोघीच. पहिले काही सोमवार चिटपाखरू फिरकलं नाही, कारण सोमवारी ते दुकान बंद असतं हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. दोघी बसून शिवत, आणि इंदूताई मला दुपारी फोन करून कळवत, की आज गिऱ्हाईक आलं नाही पण पोस्टमन आला. मग हळूहळू सोमवारी सुट्टी असणारे लोक येऊ लागले. सलूनवाले सगळ्यांत आधी. त्यांना इतर दिवशी सवडच नसते. मे महिन्यात ते पोरांना घेऊन मापं द्यायला यायचे आणि निवांत बसून राजकारणावर बोलायचे. एका वर्षात सोमवार चांगलाच चालायला लागला. शेखरने ते कबूल केलं, पण आईसमोर नाही.

सुनंदाच्या पहिल्या गुरुवाराची आम्हाला सगळ्यांनाच उत्सुकता. मी शुक्रवारी मुद्दाम काम काढून गेलो. सुनंदा चप्पल काढते न काढते तोच इंदूताईंनी विचारलं, काय केलंत काल? सिंहगडावर गेला होतात की सिनेमाला? सुनंदा लाजली.

"भांडलो, ताई."

"अगं, दिवसभर?"

"दिवसभर. रोज कसं, भांडण सुरू हुतं आन यांची बस येती. मग ते तसंच ऱ्हातं. काल पार संपवलं. जुनीबी काढली समदी. संध्याकाळी त्यांनी भाकऱ्या थापल्या."

इंदूताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नंतर डोळे पुसत मला म्हणाल्या, "देवधर, हे तुमच्या कायद्याच्या फायद्यांत लिहून ठेवा." त्या हसण्यात थोडं रडणंही होतं, असं मला वाटतं. त्यांच्या संसाराला भांडणं संपवण्याइतका वेळ मिळालाच नव्हता.

बायकांनी सुनंदाशी थोडे दिवस अबोला धरला. सोमवारच्या कुरडयांना तिचा हात हुकमी होता, ती फुटून गेली याचा शालनबाईंना राग. इंदूताई मध्ये पडल्या नाहीत. नवं वर्ष लागायच्या आधी त्यांनी पुन्हा बैठक घेतली. या कायद्यात राष्ट्रीय सुट्ट्यांखेरीज आणखी चार सणांच्या सुट्ट्या आहेत, आणि ते चार सण मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायचे. बाकीच्या दुकानांत मालक कॅलेंडर बघून खुणा करतात. इथे सबंध दुपार रणधुमाळी चालली. कुणीतरी गणपती विसर्जन म्हटलं. ताईंनी ते उडवलंच. त्या दिवशी सगळे रस्ते बंद, दुकान उघडायला मी हेलिकॉप्टरने येऊ का? ती सुट्टी न मागता मिळते, चांगलं काहीतरी मागा. मग सुनंदाने नागपंचमी सुचवली. नागपंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही. मग शिवणाच्या दुकानात करायचं काय? इतकी वर्षं त्या दिवशी सगळ्या मनात नागाची क्षमा मागून कात्री चालवत होत्या आणि कुणी बोललं नव्हतं. शालनबाईंनी सुनंदाच्या पाठीवर थाप मारली, आणि अबोला तिथे संपला. नागपंचमी, ईद, गौरीजेवण आणि दिवाळीचा पाडवा असे चार सण ठरले. मी शेकडो दुकानांना हे कलम समजावलंय, पण ते असं नांदताना पाहिलं ते फक्त तिथे.

गेल्या वर्षी सरकारने मर्यादा दहावरून वीसवर नेली. वीसपेक्षा कमी कामगार असतील, त्यांनी नुसतं कळवलं की पुरे. मला माहीत होतं फोन येणार. आला. "अहो देवधर, मला परत बाहेर काढलं हो." मी म्हटलं, आता आणखी दहा घेऊ नका. म्हणाल्या, "वीस माणसं उभी केली तर गिऱ्हाईक रस्त्यावर उभं करावं लागेल." मग गंभीर झाल्या. आपण ठरवलेलं तसंच चालू ठेवलं तर सरकारची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. एवढं ऐकून त्यांना पुन्हा हुरूप आला आणि त्यांनी पुढच्या वर्षीच्या चार सणांवर मला अर्धा तास ऐकवलं.

ते सण ठरवायला त्या राहिल्या नाहीत. थंडीत एका पहाटे झोपेतच गेल्या. मला फोन शेखरचा आला. मी खूप रडलो. सल्लागाराने गिऱ्हाइकासाठी रडायचं नसतं, पण मला दुसरं काही सुचेना.

तेरावं झाल्यावर शेखरने मला विचारलं, की आता कायदा लागू नाही, तर सोमवारी पूर्वीसारखं दुकान बंद ठेवायला अडचण आहे का? मी म्हटलं, कायद्याची नाही. सोमवारी तो इचलकरंजीला जाणार, आणि सोमवार सांभाळायला आता कुणी नव्हतं. त्याला सुनंदाला ते सांगायचं होतं आणि त्याचं धाडस होत नव्हतं. तुम्ही बरोबर या म्हणाला. पुढच्या सोमवारचं खरेदीला जाणं त्याने रद्द केलं.

त्या सोमवारी दुकान शेखरनेच उघडलं; मी गेलो तेव्हा सुनंदा यंत्राशी बसली होती. शेखरने सुरुवात करायच्या आत तिनेच विषय काढला. "शेखरदादा, मला सोमवार चालंल. ताई हुत्या तवर मिळालं, ते पुष्कळ झालं. मी घरी सांगितलंय." शेखर खाली बघत राहिला. मीही. आपल्याला सोपं व्हावं म्हणून समोरच्याने आपला दिवस सोडून द्यावा, यासारखी लाज नाही.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. शालनबाई, आणि त्यांच्यामागे बाकीच्या. सगळ्या सुट्टीच्या दिवशीच्या साड्यांत, हातात पिशव्या. शेखरला वाटलं त्या भेटायला आल्यात. तो खुर्च्या पुढे करू लागला. शालनबाई बसल्या नाहीत.

"शेखर, मला मंगळवार दे," त्या म्हणाल्या.

शेखरला कळेना. "पण शालनमावशी, सोमवार तर तुमचा... आणि आता तसा कायदाही नाही."

"कायद्याचं मला सांगू नकोस. तुझी आई दर सोमवारी इथे एकटी बसायची हिच्यासाठी, आणि आम्ही तिकडे कुरडया घालत होतो. एकीलाही सुचलं नाही, की ताई, आज तुम्ही घरी राहा. ते आता होणार नाही, पण निदान एवढं होईल. मी मंगळवार घेते, सोमवारी हिच्याबरोबर इथे बसते." मागून काज-बटणवाली म्हणाली, तिला बुधवार चालेल. तिसरी म्हणाली, सगळ्यांनी आळीपाळीने करू, म्हणजे कुरडयांचा सोमवारही अगदीच बुडणार नाही.

सुनंदा तोंडाला पदर लावून बसली होती. शालनबाईंनी पिशवी खाली ठेवली, साडीचा ओचा खोचला आणि शेजारच्या यंत्राचं झाकण काढलं.

"रडू नकोस. कापड ओलं होतंय," त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारी मला इथे दिसलीस तर बघ."